सील नवं, गळती जुनीच: २००२च्या मस्टँगचा मागचा ॲक्सल

गाडी माझ्या मेहुण्याची. फोर्ड मस्टँग जीटी, २००२चं मॉडेल. ४.६ लिटरचं व्ही-८ इंजिन, २६० हॉर्सपॉवर, पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स, मागे ८.८ इंची क्राउनचा (चाकांना फिरवणाऱ्या मोठ्या दातेरी चक्राचा) सलग ॲक्सल आणि ३.२७चं गुणोत्तर. मीटरवर १,१२,००० मैल. आम्ही दोघंही डेट्रॉइटच्या पश्चिमेला राहतो. ही गाडी जिथं बनली तो डिअरबॉर्नचा कारखाना आमच्यापासून अर्ध्या तासावर. तिथून शेवटची मस्टँग १० मे २००४ रोजी बाहेर पडली, मग हे काम फ्लॅट रॉकला गेलं. मेहुण्याला या गोष्टीचं भारी कौतुक, येईल त्याला सांगतो. गाडीखाली वाकून बघायचं मात्र त्याला कधी सुचत नाही.

एप्रिलातल्या एका शनिवारी सकाळी तो गाडी घेऊन आला आणि दारातूनच म्हणाला, "दाजी, परत गळतंय."

त्या 'परत'मध्येच सगळं प्रकरण होतं. आठ महिन्यांपूर्वी डाव्या मागच्या चाकातून तेल झिरपायला लागलं, तेव्हा त्यानं जवळच्या एका गॅरेजमध्ये सील बदलून घेतलं होतं. बिलावर 'ॲक्सल सील, डावं' एवढीच ओळ. थंडी सरली आणि चाक पुन्हा ओलं. आता सोबत घरघरही होती.

चाक उतरवलं. रिमच्या आतल्या अंगाला काळपट चिकट थर आणि त्यातून कडेकडे गेलेल्या रेघा. फिरत्या चाकानं भिरकावलेलं तेल असंच दिसतं. पण तेल कुठलं ते आधी ठरवायला हवं, कारण त्या कोपऱ्यात दोन द्रव नांदतात: ब्रेक ऑइल आणि डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरपेटीचं, तेल. एका वाटीत पाणी घेतलं आणि बोटावरचा थेंब त्यात सोडला. या गाडीतलं ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं, ते पाण्यात मिसळून जातं. हा थेंब वरच तरंगत राहिला आणि त्याच्या कडेनं रंगीत तवंग पसरला. वासही तोच, नासक्या अंड्याच्या जातीचा. दातांवरचा दाब झेलायला गिअर ऑइलमध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं घालतात, त्यांचा तो वास. वाटी स्वयंपाकघरातली होती हे बहीणभावांत नंतर निघालं, तो भाग इथं नको.

आता घरघर. गाडी हायवेला काढली. चाळीस मैलांपासून हलकी गुणगुण सुरू झाली, साठला तिचा चांगला घूंऽऽ झाला. ॲक्सिलरेटर दाबला तरी तोच सूर, सोडला तरी तोच. क्राउन किंवा त्याला फिरवणारा छोटा गिअर, पिनियन, खराब असेल तर जोर लावताना आणि सोडताना आवाज बदलतो. इथं तो फक्त वेगाबरोबर वाढत होता आणि डावीकडूनच येत होता. संशय बाहेरच्या बेअरिंगवर.

घरी येऊन गाडी स्टँडवर चढवली आणि डाव्या शाफ्टची चकती दोन्ही हातांनी धरून हलवली. इथं फसायला होतं. या ॲक्सलचा शाफ्ट आतल्या टोकाला, डिफरन्शियलच्या पोटात, घोड्याच्या नालासारख्या एका क्लिपनं अडकवलेला असतो. त्याला सी-क्लिप म्हणतात. त्यामुळे शाफ्ट थोडा आत-बाहेर सरकतो, तो सरकायचाच. त्या 'टक' आवाजावरून बेअरिंग गेलं असं ठरवणारे मी पाहिलेत. बघायचं ते वर-खाली. मेहुण्याला म्हटलं, "तू उजवं हलवून बघ, मग हे." उजवं घट्ट होतं. डावं वर-खाली स्पष्ट डुलत होतं.

गाडी अजून गरमच होती, म्हणून तेलाची पातळी बघायला भरणीचा प्लग सैल केला. आटे सुटता सुटता 'फुस्स' झालं, सोड्याची बाटली उघडावी तसं. ते मी ऐकलं आणि सोडून दिलं. पुढे त्याच्याकडे परत यावं लागलं. बोट वाकवून आत घातलं तर तेल लागेना. पातळी भोकाच्या खाली पाव इंचाच्या आसपास असावी, इथं चांगलं एक पेर खाली होती.

शाफ्ट काढण्याचं काम अवघड नाही, पण क्रम चुकला तर महागात पडतं. आधी एबीएसचा सेन्सर काढून बाजूला बांधला, कारण त्याची दातेरी चकती शाफ्टवरच बसवलेली असते आणि शाफ्ट ओढताना सेन्सर घासला जातो. कॅलिपर तारेनं स्प्रिंगला टांगला, होजवर लोंबकळू दिला नाही. मग मागचं झाकण. खालचे बोल्ट आधी सैल केले, वरचे दोन तसेच ठेवले आणि कड हळूच उचकटली. ट्रेमध्ये उतरलेलं तेल राखाडी होतं. त्यातून चुंबक फिरवला तर त्यावर लोखंडाची पीठासारखी लव बसली. मोठा तुकडा एकही नाही. दातही स्वच्छ. म्हणजे क्राउन-पिनियन वाचलं होतं.

पुढचा बोल्ट मात्र या ॲक्सलमधला कुप्रसिद्ध. डिफरन्शियलच्या मधली पिन जागेवर धरणारा, ८ मि.मी.च्या डोक्याचा लहानसा बोल्ट. तो आतच मोडला तर अर्ध्या दिवसाचं काम आठवड्यावर जातं. सहा कोनांचं सॉकेट लावलं, आधी थोडी ऊब दिली आणि झटका न देता सावकाश ताण वाढवत नेला. एकदा 'कर्र' झालं, दोघांचेही श्वास थांबले, आणि तो फिरला. पिन बाहेर आली. शाफ्ट आत ढकलला की सी-क्लिप खाचेतून सुटून हातात येते आणि शाफ्ट सरळ बाहेर निघतो. पिन बाहेर असताना शाफ्ट फिरवायचा नाही, नाहीतर आतले छोटे गिअर घरंगळून डिफरन्शियलच्या खिडकीत येतात. मेहुण्यानं अर्थातच फिरवला. अर्धा वळसा फक्त, तेवढ्यावर निभावलं.

डावा शाफ्ट कापडानं पुसून दिव्याखाली धरला. बेअरिंग जिथं बसतं तिथं बोटभर रुंदीचा पट्टा बाकीच्या चकचकीत पृष्ठभागापेक्षा मळका आणि खाली गेलेला. अंगठ्याचं नख त्या कडेवरून ओढलं तर नख अडलं. पट्ट्याच्या एका बाजूला खवले निघालेले, सुईनं टोचल्यासारखे खड्डे. मायक्रोमीटरनं मोजलं तर पट्टा शेजारच्या धातूपेक्षा दीड दशांश मिलिमीटर बारीक भरला. बेअरिंगचे रोलर काळवंडले होते, एकावर पत्रा सोलल्यासारखी पापडी सुटली होती.

हे नुकसान नीट कळायला रचना डोळ्यांपुढे हवी. नेहमीच्या बेअरिंगला आतली आणि बाहेरची अशा दोन रिंगा असतात. इथं आतली रिंगच नाही. रोलर सरळ शाफ्टच्या कडक केलेल्या पृष्ठभागावर फिरतात, शाफ्टच आतली रिंग. म्हणून बेअरिंग बिघडलं की शाफ्टही बिघडतो, आणि बिघडलेल्या शाफ्टवर नवं बेअरिंग म्हणजे जुन्या खड्ड्यात नवा टायर. त्यात हा 'सेमी-फ्लोटिंग' ॲक्सल: गाडीचं वजनही शाफ्टवर आणि इंजिनाचा जोरही शाफ्टवरच. आपल्याकडे ट्रकचा किंवा एस.टी.चा शाफ्ट रस्त्याकडेला ओढून काढतात आणि गाडी चाकांवर उभीच असते, ती 'फुल-फ्लोटिंग' रचना. तिथं वजन हबच्या बेअरिंगवर असतं, शाफ्ट फक्त फिरवतो. मस्टँगमध्ये शाफ्ट बाहेरच्या बाजूला मोडला तर क्लिप धरून ठेवते ती आतला तुकडा, चाक आपल्या वाटेनं निघून जातं.

आठ महिन्यांपूर्वीचं सील का टिकलं नाही याचं अर्धं उत्तर इथंच होतं. सीलचा रबरी ओठ शाफ्टला स्प्रिंगनं चिकटून असतो. शाफ्ट मधोमध फिरला तर तो वर्षानुवर्षं टिकतो. शाफ्ट डुलायला लागला की एका बाजूला ओठ चेपतो, दुसऱ्या बाजूला फट पडते. त्या गॅरेजमध्ये शाफ्ट बाहेर आला असणार, कारण त्याशिवाय सील निघतच नाही. फक्त त्यावरून कुणी नख फिरवलं नसावं.

आता करायचं काय? मी कोल्हापूरचा. उद्यमनगरात असा शाफ्ट नेला असता तर वेल्डिंगचा भराव देऊन, लेथवर उतरवून, ग्राइंड करून संध्याकाळी हातात दिला असता, आणि शेतावरच्या ट्रॉलीला तो चाललाही असता. इथं मी त्याला ठाम नाही म्हणालो. या शाफ्टचा पृष्ठभाग उष्णता देऊन कडक केलेला असतो. वेल्डिंगच्या आचेनं तो कडकपणा जातो, आणि भरावाच्या कडेला भेग धरायला जागा तयार होते. वजन आणि जोर दोन्ही झेलणाऱ्या शाफ्टवर हा खेळ नको.

बाजारात आणखी एक सोय मिळते, 'रिपेअर बेअरिंग'. त्याचे रोलर थोडे बाजूला सरकवलेले असतात, म्हणजे ते शाफ्टच्या न झिजलेल्या भागावर फिरतात. सील त्यातच बसवलेलं. जुना शाफ्ट तसाच ठेवून काम भागतं. मेहुण्याला ते स्वस्त म्हणून लगेच आवडलं. रोज ऑफिसला जाणारी साधी गाडी असती तर मीही हरकत घेतली नसती. पण हा गडी उन्हाळ्यात महिन्यातून एक रविवार मोकळ्या पार्किंगमध्ये शंकू मांडून गाडी पळवतो. क्लच सोडून झपकन सुटायचं, वळणात एका बाजूवर सगळा भार टाकायचा, असा वापर. शिवाय खवले निघालेला पट्टा शाफ्टवर तसाच राहणार आणि भेग तिथूनच सुरू होऊ शकते. मी म्हटलं, "शाफ्ट नवा. बेअरिंग आणि सील दोन्ही बाजूंची नवी."

"मग दाजी, आता उघडलंच आहे तर ३१ दातांचे शाफ्ट घालूया का? सगळे घालतात."

या जीटीचे शाफ्ट २८ स्प्लाइनचे, म्हणजे आतल्या टोकाला तितके दात असलेले. ३१चे जाड असतात, जास्त ताकद झेलतात, पण त्यांच्यासाठी डिफरन्शियलही बदलावं लागतं. २६० हॉर्सपॉवरच्या, साध्या टायरवर पळणाऱ्या गाडीला २८ पुरेसे आहेत. ताकद कमी पडली म्हणून हा शाफ्ट गेला नव्हता. मेहुणा जरा हिरमुसला.

शाफ्ट त्यानं ऑनलाइन मागवला. चार दिवसांनी आला. जुन्याशेजारी फरशीवर ठेवला तर नवा पाऊण इंच आखूड. या पिढीच्या मस्टँगचे मागचे ॲक्सल १९९९पासून दोन्ही बाजूंना तेवढे रुंद झाले. त्यानं यादीत १९९४ ते ९८ची ओळ निवडली होती. परत पाठवून दुसरा यायला आणखी पाच दिवस गेले. मी चिडलो खरा, पण ते पाच दिवस मिळाले नसते तर हे काम मीही अर्धवटच सोडलं असतं.

कारण त्या दिवसांत उजवी बाजू उघडून बघितली. उजवा शाफ्ट काचेसारखा गुळगुळीत, नख कुठंही अडत नव्हतं. बेअरिंग ठीक. तरीही त्या सीलखाली ओलावा होता आणि ओघळाची जुनी रेघ नळीवरून खाली आलेली. डावीकडे शाफ्ट डुलतोय म्हणून गळतं हे पटतं. उजवीकडे काय? रात्री ताटावर बसलो असताना ती 'फुस्स' आठवली. प्लग उघडताना हवा जोरानं बाहेर आली, म्हणजे आत दाब होता. दाब असायला नको. त्यासाठीच तर ॲक्सलच्या नळीवर ब्रीदर असतो, हवा आत-बाहेर जायची नाकपुडी.

जेवण उरकून टॉर्च घेऊन गाडीखाली गेलो. ब्रीदर गंजाचा गोळा झालेला. त्यावर बारीक नळी लावून तोंडानं फुंकलं. हवा जरासुद्धा हलली नाही.

इथं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. डेट्रॉइट शहराच्या खाली हजार फुटांहून खोल मिठाची खाणच आहे, त्यामुळे टाकताना हात आखडत नाही. ते मीठ-पाणी गाडीच्या पोटाखालचं जे लोखंड गाठेल ते खातं. या लहानशा ब्रीदरला बंद व्हायला किती वेळ लागणार?

आता हिशोब बघा. सकाळी गॅरेजमध्ये २० अंश सेल्सियसला आत कोंडलेली हवा. हायवेवर तासभर पळवली की तेल ९० अंशांवर जाणं मोठी गोष्ट नाही. बंद भांड्यातला दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो: २९३ वरून ३६३, म्हणजे जवळपास पाव पटीनं. वातावरणापेक्षा साडेतीन पीएसआय (चौरस इंचाला साडेतीन पौंड) जास्त. आकडा छोटा वाटतो, पण हे सील तेल अडवायला केलेलं असतं, दाब अडवायला नाही. रोज तासभर असं ढकललं की ओठाखालून तेल वाट काढतंच. गाडी निवली की उलट ओढ, आणि त्याच वाटेनं बाहेरची ओल आत.

म्हणजे साखळी मी समजत होतो त्याच्या उलटी निघाली. बेअरिंग गेलं म्हणून तेल गळलं, एवढंच नव्हतं. ब्रीदर बुजला म्हणून आधी गळलं. गळून पातळी उतरली. बाहेरच्या बेअरिंगला वेगळं ग्रीस नसतं, क्राउननं उडवलेलं तेल नळीतून वाहत येईल तेवढंच. पातळी उतरल्यावर ते पुरेसं येईना. सुके रोलर शाफ्ट खायला लागले, शाफ्ट डुलायला लागला, आणि मग नवं सील घातलं तरी एकाच वेळी दोन मार लागत राहिले. तेल भरलेलं कमी की गळून कमी झालेलं, आठ महिन्यांपूर्वी किती भरलं, हे बिलावर नव्हतं. मेहुण्यालाही ठाऊक नव्हतं, आणि तो विचारणाराही नव्हता.

पुढचं काम सरळ. जुनी बेअरिंगं स्लाइड हॅमरनं ओढून काढली. हाउसिंगच्या भोकात बोट फिरवून कुठं बुरी आहे का पाहिलं, डावीकडे होती, ती बारीक कागदानं घासली. नवी बेअरिंगं तेल लावून, ठोकणीवर हळूहळू, चारी बाजूंनी सारखी बसवली. आवाज बदलून टणक झाला की तळाला टेकली. सीलच्या ओठाला ग्रीस.

सगळ्यात जास्त जपायचं ते शाफ्ट घालताना. स्प्लाइनचे दात करवतीसारखे असतात, आणि जड शाफ्ट नव्या सीलच्या ओठावर टेकवून आत सरकवला तर ओठ तिथंच कापला जातो. कितीतरी 'नवी' सीलं अशी पहिल्याच दिवशी मरतात. मेहुणा चकतीकडून शाफ्ट तोलून धरून ढकलत होता, मी आतल्या टोकाखाली तळहात देऊन तो भोकाच्या मधोमध धरला होता. "थोडं वर... अजून... आता आत." दात जुळेनात तेव्हा चकती किंचित वळवायला सांगितलं. ते गपकन बसले. क्लिप घातली, शाफ्ट बाहेर ओढून क्लिप तिच्या खोबणीत गेल्याची खात्री केली, पिन सरकवली, आणि तिचा बोल्ट नवा घेऊन आट्यांना लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ न देणारा डिंक) लावून टॉर्क पान्यानं आवळला. जुना बोल्ट परत वापरायचा मोह आवरावा, तो एकदाच वळवळत बाहेर आला होता.

झाकणाच्या कडा साफ करून सिलिकॉन लावलं. तेल ७५डब्ल्यू-१४० सिंथेटिक, आणि त्यात ११८ मिलिलिटर फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे घर्षण बदलणारं रसायन. या डिफरन्शियलमध्ये क्लचच्या चकत्या आहेत. मॉडिफायर विसरला तर वळताना मागून गचके बसतात आणि लोकांना वाटतं की दुरुस्तीतच काहीतरी बिघडलं. ब्रीदर घासत बसलो नाही. नवा लावला आणि त्याला रबरी नळी जोडून तिचं टोक वर बॉडीच्या आडोशाला नेलं, पाणी-मीठ पोचणार नाही अशा जागी.

ब्रेक पॅड तेल प्यायलेले. ते धुऊन, भाजून वाचवायचे उपाय लोक सांगतात. माझ्या घरच्या माणसाच्या गाडीत मी ते करत नाही. दोन्ही बाजूंचे नवे घातले. या कॅलिपरचा पिस्टन दाबून आत जात नाही, हँडब्रेकची यंत्रणा त्यातच असल्यामुळे तो फिरवत न्यावा लागतो. दाबायला गेलेल्याचा कॅलिपरही जातो.

शेजारच्या शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये आठच्या आकड्यात सावकाश वीसेक फेऱ्या मारल्या, मॉडिफायर चकत्यांमध्ये जावं म्हणून. मग हायवे. साठला काच खाली करून ऐकलं, फक्त टायर आणि वारा. सगळं मिळून खर्च तीनशे डॉलरच्या वर थोडा, आणि दोघांचे मिळून दीड दिवस.

जूनमध्ये तो दिवसभर शंकूंमधून गाडी पळवून संध्याकाळी सरळ माझ्याकडे आला. रिमच्या आत ब्रेकची कोरडी राख होती, हात फिरवला तर बोटं काळी झाली, ओली नाही. गाडी जॅकवर सरळ उचलली आणि गरम असतानाच भरणीचा प्लग सैल केला. तो वाकून कान लावून बसला होता.

"काय दाजी, काहीच आलं नाही."

"तेच ऐकायचं होतं," म्हटलं, आणि पातळी बघायला बोट आत घातलं. तेल लगेच लागलं, चटका देण्याइतकं गरम.